खऱ्याला नेसवणारे टिपरेकाका

आमच्या शेजारच्या गजानन टिपऱ्यांना सख्खा भाऊ नाही, सख्खी बहीण नाही, लग्न तर त्यांनी केलंच नाही. तरीही त्यांना सतरा पुतणे आणि बावीस भाचे आहेत. एक नातूही झाला असता, पण त्या आठवड्यात त्यांनी केस काळे करून घेतले होते, म्हणून आजोबा व्हायचं राहिलं. हा सगळा गोतावळा त्यांनी बोईसरमध्येच जमवला, आणि तोही दुसऱ्यांच्या लग्नाच्या बैठकींत बसून. मी त्यांचा अकरावा पुतण्या.

बाहेरच्या माणसाला हे चटकन समजायचं नाही, म्हणून सांगतो. बोईसरला आम्ही सगळे बाहेरचेच. कोणी नांदेडचा, कोणी धुळ्याचा, कोणी माझ्यासारखा कराडकडचा. तारापूरच्या कारखान्यांत नोकरीला लागायचं, तिघांत मिळून एक खोली करायची, आणि मग पॅकिंग खात्यातल्या नाहीतर बसथांब्यावरच्या एखाद्या मुलीवर जीव जडवून घ्यायचा, ही इथली रीतच आहे. मुलगी असते सातपाटीची, माहीमची, केळव्याची. तिचा बाप म्हणतो, ठीक आहे, पण तुझं मोठं माणूस घेऊन ये. आता मोठं माणूस आणायचं कुठून? ते तिकडे गावाला, शेतात. त्यातून एखाद्याने हौसेने आपला सख्खा काका मागवलाच, तर तो बैठकीत बसल्या बसल्या पिंक कुठे टाकू म्हणून विचारतो, आणि आमच्या पोराचं आधी एक जमलं होतं, हेही सांगून टाकतो. सख्ख्या नात्याचा हा मोठाच दोष आहे. त्याला खरं माहीत असतं.

टिपरेकाकांना काही माहीत नसायचं. त्यामुळे ते फार छान बोलायचे.

एका कारखान्याच्या वीजखात्यातून निवृत्त झालेला हा माणूस एरवी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून जिन्यात उभा असायचा आणि लोकांच्या मीटरांना नावं ठेवायचा. पण बैठक ठरली की त्यांचा अवतार पालटायचा. क्रीम रंगाची बंडी, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात जाडजूड डायरी. चष्म्याला नंबर नव्हता. डायरीत पहिल्या तीन पानांवर देवीची आरती आणि पुढे सगळं कोरं. समोरच्याने अडचणीचं काही विचारलं की काका डायरी उघडायचे, चार पानं उलटायचे, कपाळाला आठी घालायचे आणि म्हणायचे, "त्याचंही बघू." समोरचा गार व्हायचा. कसलं बघणार, कुठे बघणार, हे कोणी कधी विचारलं नाही.

हे खोटं बोलणं नाही का, असं मी एकदा तोंडावर विचारलं. त्यांना राग आला. "मी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "खरं उघडंवाघडं असतं. त्याला चार माणसांत न्यायचं तर काहीतरी नेसवायला नको का?"

हा त्यांचा शब्द आमच्या अख्ख्या बिल्डिंगने उचलला. भाजी कशी झालीय, असं बायकोने विचारलं की मी विचारायचो, नेसवून सांगू की तसंच? त्या दिवशी मग मला उरलेली भाजीही खावी लागायची.

माझ्या स्वतःच्या बैठकीला काकांनी काय काय नेसवलं ते ऐका. माझं सासर माहीमचं, मुंबईचं नव्हे, केळव्याजवळचं. सासऱ्यांची वाडी आहे, नारळ-सुपाऱ्यांत वाढलेला करारी माणूस. मी रात्रपाळी करून तसाच गेलेलो, पाटावर बसलो आणि ताठ बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागलो. काका म्हणाले, "मुलगा फार शांत आहे. बघा ना, इतका वेळ झाला, एक अक्षर बोलला नाही." सासऱ्यांनी विचारलं, सकाळी लवकर उठतो का? काका म्हणाले, पहाटेचे सहा त्याने झोपेत काढलेले मी कधी पाहिले नाहीत. खरं होतं, तिसरी पाळी सातला सुटते. खोली कशी आहे? तर म्हणे, खिडकी उघडली की समोर कोणी नाही. हेही खरं होतं, समोर पाण्याची टाकी आहे. सासरे समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेले, त्यांनी बोईसरच्या हवेचं विचारलं. "हवा अशी की डोळे मिटले तरी कळते," काका म्हणाले. ती कळते खरी. नाकाला कळते.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बायकोला त्या बैठकीतलं वाक्यन् वाक्य पाठ आहे. सुट्टीच्या दिवशी नऊ वाजता मी अंथरुणात दिसलो की ती चादर ओढते आणि मला काकांच्या शब्दांत उठवते.

एकदाच काकांची पंचाईत झाली. केळव्याच्या एका घरात ते नगरच्या एका मुलाचे मामा म्हणून जाऊन आले होते. वर्षभराने जळगावच्या मुलाचे काका म्हणून गेले, तर घर तेच. धाकट्या बहिणीचं चाललं होतं. घराला नवा रंग दिलेला, म्हणून त्यांना ओळखू आलं नाही. पोहे येईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कोपऱ्यातली आजी म्हणाली, "तुमी तर नगरचे मामा नी?"

मी मुलाचा मित्र म्हणून शेजारी बसलो होतो. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजायला लागलो. काकांनी डायरी उघडली, मिटली. म्हणाले, "आजी, त्या मुलाची आई माझी मानलेली बहीण आणि ह्या मुलाचे वडील माझे मानलेले भाऊ. देवाने दिलं नाही ते माणसाने मानून घ्यावं." आजीने यावर बराच विचार केला आणि म्हणाली, "मग आमाला पन कायतरी माना." झालं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला काकांना केळव्याला जावं लागलं.

तुम्ही म्हणाल, काय हा भामटा. म्हणा. पण आमच्या कारखान्यात बाहेरचे पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी टेम्पो भरून कुंड्या येतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो आणि एरवी स्लिपर घालून फिरणारे आम्ही हेल्मेट घालून उभे राहतो. पाहुणे खूश होऊन जातात, कुंड्या पुढच्या गेटला जातात. तिथे कोणी कोणाला भामटा म्हणत नाही, उलट साहेबाला बढती मिळते. काकांना चहा मिळायचा. आणि स्वतःचं लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलं तर ते म्हणायचे, मला तेव्हा मोठं माणूस मिळालं नाही. आम्ही हसायचो.

तर असे हे काका दोन वर्षांपूर्वी अचानक बसले ते बसलेच. बैठका बंद. आमच्या खात्यातला नांदेडचा प्रशांत हात जोडून आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. विचारलं तर म्हणाले, आता नेसवायला कापड उरलं नाही. पण बंडी मात्र कपाटात गेली नाही. दर रविवारी सकाळी ती अंगात, चष्मा डोळ्यांवर आणि स्वारी पालघरला उतरून सातपाटीच्या एसटीत. संध्याकाळी परत येताना पिशवीत मासे. स्वतः मासे शिवत नाहीत, त्यामुळे पिशवी आमच्या दारात.

अडुसष्ट वर्षांचा अविवाहित माणूस दर रविवारी नटूनथटून समुद्राकडे जातो, म्हटल्यावर बिल्डिंगने काय ते ठरवून टाकलं. मीही ठरवलं. फक्त माझी बायको, माहीमची असल्यामुळे, पिशवीत बघून म्हणाली, हे विकत घेतलेलं नाही. दोन बोंबील, एक पापलेट आणि मूठभर करंदी, ती बारीक कोळंबी, अशी सरमिसळ कुठलीही विकणारी देत नाही. हे कोणीतरी घरातलं काढून दिलंय. मी म्हटलं, तेच तर आम्ही म्हणतोय.

एवढं सगळं सांगायचं कारण माझा धाकटा भाऊ सागर. तो माझ्याच कारखान्यात आहे, आणि त्याचं केळव्याच्या पुढच्या एडवणच्या पूजाशी जमलं. आमचे वडील नाहीत, आईच्याने प्रवास होत नाही. पूजाच्या वडलांनी एक रविवार दिला, दुपारी चारचा. त्यांच्याकडे आणखी एक स्थळ सांगून आलेलं होतं, त्यामुळे हा रविवार हुकला की संपलंच. पूजाने आधीच बजावलं होतं की तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा पिण्यापायी गेला, तेव्हा पहिला प्रश्न व्यसनाचा येणार. आणि सागर पितो. रोज नाही, शनिवारी; पण शनिवार तो फार मनापासून पाळतो.

म्हणजे काकांशिवाय गत्यंतर नव्हतं. मी गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, रविवारी मी नसतो. मी म्हटलं, एक रविवार सातपाटी वाट बघेल. ते म्हणाले, नाही बघणार. मग म्हणाले, "आणि पिण्याला मी नेसवत नाही आता."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर लोकांच्या पोरांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही म्हणून सांगणारा हा माणूस नेमका माझ्या भावाच्या वेळी हरिश्चंद्र व्हायला निघाला होता. मी बोलू नये ते बोललो. तुमचं सातपाटीला कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे म्हणालो. काकांनी दार हळूच लावून घेतलं.

रविवारी मी सागरला आणि बायकोला पुढे माहीमला सासऱ्यांकडे पाठवलं आणि मोटरसायकल घेऊन सातपाटी गाठली. काकांना उचलायचं, मागे बसवायचं आणि चारच्या आत एडवणला हजर करायचं, असा बेत होता. पाय धरावे लागले तर तेही करणार होतो.

टिपरे नावाचा माणूस तिथे कोणालाच माहीत नव्हता. शेवटी बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला बंडीचा रंग सांगितला. ती म्हणाली, "निर्मलाचा सासरा? त्या गल्लीत जा. निळं घर हाय."

सासरा? मी गल्लीत शिरलो. निळ्या घराच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला अगदी समोर दिसेल अशी प्लास्टिकची खुर्ची मांडलेली, आणि तीत काका, बंडी-चष्म्यासह. मांडीवर पावणेदोन वर्षांचं पोर, ते डायरीची पानं फाडतंय. एक कोळीण पाटी घेऊन जाताना म्हणाली, आले का सासरेबुवा? काका चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, येणार नाही तर काय, सून आहे आमची. मग तितक्याच मोठ्याने आत विचारलं, निर्मला, बाळाला डॉक्टरकडे नेऊन आणलंस ना?

मला बघून ते दचकले नाहीत. बस, पाणी पी, म्हणाले, आणि पोराला कडेवर घेऊन बोटी दाखवायला निघून गेले. निर्मला उंबऱ्यात करंदी सोलत बसली होती. आणि तिला मी ओळखलं.

ही आमच्या पॅकिंग खात्यातली निर्मला. आमच्याच खात्यातल्या नितीनशी तिचं लग्न झालं होतं, बीडकडच्या. त्याच्या बैठकीला काका होते, आणि शेजारी मीही होतो. नितीन पितो का, असं काकांनी जाण्याआधी जिन्यात मला विचारलं होतं. काकांना कुठे काय माहीत असायचं, ते आम्हालाच विचारायचे. "कधीतरी," असं मी म्हणालो होतो. नितीन रोज प्यायचा, पाळीवर येतानाही पिऊन यायचा, मला ते पुरतं ठाऊक होतं. पण मित्राचं लग्न जमत होतं, आपण कशाला मोडता घाला? बैठकीत काका "सुपारीचं खांडसुद्धा नाही" म्हणाले तेव्हा शेजारी मान हलवणारा मीच होतो. पुढे नितीन नोकरी सोडून गेला, त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. लग्नाचं जेवण मात्र पोटभर जेवलो होतो.

तिने आपणहून सांगितलं, हातातलं काम न थांबवता. तिला सातवा लागला तेव्हा नितीन वापीला कामाला जातो म्हणून गेला, तो फोन बंद करून बसला. ती आईकडे आली. गावात बोलायला लागले, पोरीतच काही असेल, म्हणून सासरचं कुत्रं फिरकत नाही. सासरचा म्हणून तिच्याकडे एकच पत्ता होता, बोईसरच्या काकांचा. मायलेकी तिथे जाऊन आल्या. पुढच्या रविवारी काका तिच्या दारात उभे राहिले.

"दारातच सगळं सांगितलं त्यांनी," निर्मला म्हणाली. "मी नितीनचा कोनी नाय म्हणले. मी खोटा काका हाय. आई मासं कापायची कोयती घेऊन उठली. ते हलले पन नाय. मी म्हटलं, आत नको, भायेर खुर्चीवर बसा. लोक बघतायत."

ते तीन तास उन्हात बसले. आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. तेव्हापासून दर रविवारी येतात. सासरचं माणूस आठवड्याच्या आठवड्याला येतं, नातवाला खेळवतं, म्हटल्यावर गावाची तोंडं हळूहळू मिटली. नवरा कामाला बाहेर आहे, असं लोक धरून चाललेत. कोणाला पटलंय, कोणाला नाही. पण खुर्ची सगळ्यांना दिसते.

तुला हे खोटं वाटत नाही का, असं मी विचारलं. खरं तर मला काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"माझ्या खऱ्या सासऱ्यानं माझा फोन पन नाय घेतला," ती म्हणाली. "आता खोटा कोन ते तुमीच सांगा." मग पहिल्यांदा तिने मान वर केली. "तुमी पन होता नी त्या दिवशी? तुमाला तर म्हाईत असंल."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "होतं," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा करंदी सोलायला लागली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काकांनी माझं नाव तिला सांगितलं नव्हतं, दोन वर्षांत मलाही एका शब्दाने काही बोलले नव्हते. आणि मी बिल्डिंगच्या जिन्यात त्यांच्यावर विनोद करत होतो.

काका परत आले. घड्याळ बघून म्हणाले, चल, किती वाजता पोचायचंय? मी येतो, पण विचारलं तर खरं सांगेन, चालेल का? ते बंडी झटकून उठायलाही लागले. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही बसा, काका."

बायकोला माहेरीच ठेवून मी सागरला मागे बसवलं, आणि एडवणला आम्ही दोघेच आत गेलो. पूजाचे वडील, तिचे दोन चुलते आणि पाण्याचा तांब्या. पहिलाच प्रश्न आला. सागरने माझ्याकडे बघितलं, मी त्याला वाटेत काहीच सांगितलं नव्हतं.

"पितो," मी म्हणालो. "दर शनिवारी. रोज नाही, पण शनिवारी पितो."

सागरचा चेहरा पांढराफटक पडला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. पूजाच्या वडलांनी तांब्या आमच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पूजानं आमाला सांगितलंय. तुमी काय सांगता ते बघायचं होतं."

मग ते सागरकडे वळले. सहा महिने बघू म्हणाले. सहा महिने सोडून दाखव, तोवर दुसऱ्या स्थळाला आम्ही होकार देत नाही. सागरने सोडतो म्हणून सांगितलं, ते इतक्या बारीक आवाजात की एका चुलत्याने पुन्हा विचारलं. मग चहा आला.

आम्ही उठलो तेव्हा ते दारापर्यंत आले. म्हणाले, बाकी काही नाही, पण असं दोघा भावांनीच येणं बरं दिसत नाही. घरात कोणी मोठं माणूस नाय का?

"आहेत ना," मी म्हणालो. "काका आहेत आमचे. आज सुनेकडे गेलेत, नातवाला बघायला. पुढच्या वेळी घेऊन येतो."

"सख्खे का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.